पोट धुणारे सर

आमच्या सरांना अख्खं कॉलेज 'लाँड्री' म्हणायचं. तोंडावर नाही, तोंडावर म्हणायची कुणाची छाती होती! तोंडावर 'यस सर', आणि पाठ वळली की 'लाँड्री आली का बे राउंडले?' मी सर्जरीला लागले त्या पहिल्याच दिवशी मला हे नाव कळलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं कारण.

कारण असं. जठराच्या कॅन्सरचा पेशंट आला की इतर सर्जन ऑपरेशनची तारीख देऊन मोकळे व्हायचे. आमचे सर नाही. ते आधी बेंबीपाशी बारीकसं भोक पाडून कॅमेरा आत घालायचे, सगळं पोट आतून हिंडून बघायचे, मग सलाइनचं पाणी आत सोडायचे, पोट खळबळायचे, ते पाणी परत ओढून घ्यायचे आणि लॅबला पाठवायचे. त्या पाण्यात कॅन्सरच्या सुट्या पेशी सापडतात का, याचा रिपोर्ट येईस्तोवर पेशंटच्या पोटावर सुरी चालायची नाही. 'आधी धू, मग काप' हा त्यांचा एकमेव मंत्र. बाकी देवाधर्माचं त्यांना वावडं होतं.

नातेवाईक वैतागायचे. काटोलकडचा एक गडी एकदा राउंडमध्येच आडवा आला.

"डॉक्टरसाहेब, गोळा पोटात हाय. तुम्ही पान्यानं कायले धुऊन राहिले?"

"चोर घरातच हाय का गावभर पांगले, हे पाह्याशिवाय पोलीस दरवाजा तोडते का?"

"तोडते ना साहेब. आमच्या गावात त पह्यले दरवाजाच तोडते."

सर आमच्याकडे वळून म्हणाले, "याले सर्जरीले ॲडमिशन देऊन टाका."

दिसायला सर सर्जन अजिबात वाटायचे नाहीत. मे महिन्यात डोक्याला ओला पंचा गुंडाळून जुन्या स्कूटरवरून यायचे, आणि पांढऱ्या कोटाच्या खिशात ऊन लागू नये म्हणून कांदा. अहो, जगभरातली जर्नलं वाचणारा माणूस, आणि खिशात कांदा! एकदा मी धीर करून विचारलं, "सर, कांद्यानं ऊन लागत नाही याला पुरावा काय?" तर म्हणाले, "मले आजवर लागलं का? मंग?" पोटाचे डॉक्टर, पण रोज सकाळी टपरीवर लालभडक तर्री ओतलेले पोहे खाल्ल्याशिवाय वॉर्डात पाऊल टाकायचे नाहीत, आणि वॉर्डात आले की पेशंटला तिखटावरून झापायचे. फोन उचलला की 'हॅलो' नाही, 'कोणाचं पोट?' लग्नात गेले तर पनीरच्या काउंटरपाशी कुणाचं तरी पोट दाबून बघत उभे. त्यांचं स्वतःचं लग्न झालं नव्हतं. मुलगी बघायला गेले आणि होणाऱ्या सासूच्या पोटावर हात ठेवून 'हिची सोनोग्राफी करा' सांगून परत आले, अशी आख्यायिका होती. खरीखोटी देव जाणे, पण त्यांना ओळखणाऱ्या एकानेही ती कधी खोडून काढली नाही.

आणि 'भैताड'. आमच्याकडे बावळटाला भैताड म्हणतात. सरांच्या लेखी सगळं जग भैताड होतं. रेसिडेंट भैताड, डीन भैताड, सीटी स्कॅनचं मशीन भैताड. "सीटीले ज्वारीचा दाना दिसते, सब्जा दिसत नाही," हे त्यांचं लाडकं वाक्य. सब्जाच का, हे कळायला त्यांचं ते एक लेक्चर ऐकायला हवं.

ते लेक्चर दर उन्हाळ्यात व्हायचं. उसाच्या रसाचं पार्सल देतात तसली पारदर्शक पिशवी, तिच्यात कोमट पाणी, आणि ती सलाइनच्या स्टँडला टांगलेली. पाण्यात वरच्या बाजूला दोऱ्याने बांधलेली कापडाची पुरचुंडी, तिच्यात सब्जा. पुरचुंडी म्हणजे जठर. तिच्याखाली जाळीच्या कापडाचा तुकडा लोंबत असायचा. ती आतड्यांवर पसरलेली चरबीची चादर, म्हणजे ओमेंटम.

"पाहा," सर म्हणायचे, "लोकं म्हणते कॅन्सर पसरला. पसरते कायचा? पडते! जठराची भिताडं आतून पोखरत पोखरत बाहेरच्या पापुद्र्यापर्यंत आला, का झाला मोकळा." असं म्हणून पुरचुंडीला सुईने भोकं पाडायचे. सब्जा सुटायचा आणि हळूहळू पिशवीच्या तळाशी बसायचा. "खाली कोन हाय? ओटीपोट. बायकांच्या अंडाशयावर जाऊन बसते, तिथी गोळा होते, अन् तुम्ही भैताड तोच काढत बसता." मग खालून पिशवी दाबायची आणि सोडायची, दाबायची आणि सोडायची. "हा श्वास. मानूस श्वास घेते, पानी वर ओढल्या जाते, दाने यकृताच्या डोक्यावर." सब्जा खरंच वर जायचा. आणि थोड्या वेळाने बघितलं तर जाळीच्या भोकाभोकात तो फुगून चिकटलेला असायचा. "जाळी त याची आवडती जमीन. सब्ज्याचा रंग काया, या दान्यायचा पांढरा. पन स्वभाव सेम."

आणि मग कात्री. सर पिशवीत हात घालून दोरा कापायचे, पुरचुंडी अलगद बाहेर काढायचे आणि टेबलावर ठेवायचे.

"घ्या. जठर काढलं. ऑपरेशन यशस्वी. पेढे वाटा. आता पिशवीकडं पाहा."

पिशवीभर सब्जा. वर्गात चिडीचूप व्हायचं. ती शांतता सरांना फार आवडायची, आणि ती मोडायची त्यांची रीत अशी की त्याच पिशवीत साखर घालायची, लिंबू पिळायचं आणि सरबत आम्हाला पाजायचं! "अन्न हाय ते, फेकाचं नाही." आता सांगा, कुणाच्या घशाखाली उतरणार? आम्ही ग्लास घेऊन 'वा सर, मस्त सर' म्हणायचो आणि बेसिन गाठायचो. माझ्या बॅचमधलं कुणीही आजतागायत फालुदा खात नाही.

सब्जा यायचा सरांच्या मोठ्या बहिणीकडून. सर तिला बाई म्हणायचे, म्हणून आम्हीही बाईच. उमरेडच्या विणकर घरची. आईबाप लवकर गेले तेव्हा हातमागावर बसून तिने या भावाला शिकवलं होतं. लग्न झालं तरी भाऊ पदराला बांधूनच सासरी आली. आता मुलाकडे वाडीला राहायची, मुलाचा ट्रान्सपोर्टचा धंदा. ऊन तापलं की एक डबा सब्जा आणि मागावरच्या कापडाचे शिल्लक तुकडे घेऊन ती स्वतः ऑटोने कॉलेजात यायची. तिचा समज असा की भाऊ वर्गातल्या पोरांना सरबत करून पाजतो. "पोट्ट्यायले ऊन लागते बाप्पा," ती आम्हाला म्हणायची, "थंडं पेत जा." आम्ही माना डोलवायचो. तिच्या सब्ज्याचं पुढे काय होतं हे तिला सांगायची कुणाची टाप नव्हती, सरांचीसुद्धा नाही.

नागपूरच्या सदर भागात सरांच्याच बॅचच्या एका सर्जनचं काचेचं हॉस्पिटल होतं. तिथे धुणंबिणं काही नाही. सोमवारी दाखवा, बुधवारी टेबलावर. छातीच्या खालपासून बेंबीच्या खालपर्यंत पोट उघडायचं, आत सगळीकडे दाणे दिसले की तसंच शिवून टाकायचं, आणि बाहेर येऊन सांगायचं, 'ऑपरेशन झालं.' खोटं काय त्यात? झालंच होतं. सर त्याला 'उघडझाप' म्हणायचे. असे पेशंट मग हातभर टाके घेऊन आमच्याकडे यायचे, आणि सरांचा तोल जायचा. "मानसाजवळ थोडेसे दिवस उरले राह्यते बे! त्यातले अर्धे या भैताडाचे टाके वाळण्यात जाते. अन् औषध सुरू करता येत नाही तोवर. तिकडं दाने फुगून राहिले." हे बोलताना ते खिशातला कांदा बाहेर काढून टेबलावर आपटायचे. हसू यायचं, पण हसलो नाही कधी.

अशा माणसाच्या बहिणीला, आमच्या बाईला, जठराचा कॅन्सर निघाला.

जेवण जाईना, वजन उतरलं, मुलाने दुर्बिणीने तिचं जठर तपासून घेतलं आणि रिपोर्ट घेऊन तो मामाकडे आला. सीटी झाला. सीटीत जठराची भिंत जाड, बाकी सगळं स्वच्छ. सरांनी फिल्म खिडकीपाशी धरली, खाली ठेवली आणि म्हणाले, "सीटी क्लीन आहे. परवा घेऊ. सरळ ओपन. मीच करीन."

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो. घरच्या माणसावर आपण सुरी चालवू नये, हे याच माणसाने शिकवलेलं. सीटी भैताड आहे, हेही याचंच. मी म्हटलं, "सर, आधी कॅमेरा? वॉश?"

"तुले सीटी दिसत नाही का वं?"

"सर, सीटीला सब्जा..."

"मले शिकवू नको!" ते इतक्या जोरात ओरडले की बाहेरचा वॉर्डबॉय आत डोकावला. मग हळू आवाजात, "क्लीन आहे म्हटलं ना."

मला कळायचं ते कळलं. कॅमेरा घातला नाही तर दिसणार नाही, आणि दिसलं नाही तर नसेलच! हे तर्कशास्त्र आम्ही रोज नातेवाइकांच्या तोंडून ऐकायचो आणि ड्यूटी रूममध्ये त्यांच्या नकला करायचो. आता तेच सरांच्या तोंडून ऐकताना मला त्यांची कीव आली नाही, संताप आला. बाईचं पोट उघडून आत दाणे निघाले असते तर हातभर टाके, अंथरूण, आणि औषधाचे दिवस वाया. सदरच्या काचेत होतं तेच, फक्त सख्ख्या भावाच्या हातून.

पण आमचं कोण ऐकणार? ऐकायला लावलं ते बाईने, आणि तिच्या डोक्यात यातलं काहीसुद्धा नव्हतं.

झालं असं की ती बायकांच्या वॉर्डात भरती झाली. भाऊ एवढा मोठा डॉक्टर, पण स्पेशल रूम नको म्हणाली, एकटीला करमत नाही. आता बायकांच्या वॉर्डात एकमेकींची पोटं बघणं हा दुपारचा कार्यक्रमच असतो. शेजारच्या कॉटवरची कामठीची मावशी लुगडं सरकवून बेंबीखालची छोटी पट्टी दाखवून म्हणाली, "माह्यं तुमच्या भावानं धुतलं." पलीकडची म्हणाली, "माह्यंबी धुतलं. लय चांगलं धुते म्हणते सर." दुसऱ्या दिवशी सर राउंडला आले तर बाई गाल फुगवून बसलेली.

"काय झालं बाई? दुखून राहिलं का?"

"या साऱ्यायचं पोट धुतलं तुवं. माह्यं काहून नाही?"

सर तिच्या केसपेपरची पानं उलटायला लागले.

"मी काय सावत्र हाव? साऱ्या नागपूरचं धुतलं, अन् घरच्या बहिनीच्या वक्ती पानी संपलं का गा?"

वॉर्डातल्या बायका खुसुखुसू हसायला लागल्या. कामठीची मावशी म्हणाली, "धुऊन द्या ना सर, जीव राहीन त्यायचा." भर राउंडमध्ये, एवढ्या लोकांसमोर, बाईला मानाची गोष्ट मिळाली नव्हती आणि ती हक्काने मागत होती. तिला काय सांगणार होते सर? की तुझं आत बघायची मला भीती वाटते म्हणून? त्यांनी खिशातला कांदा चाचपला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या कॅमेऱ्याची तयारी ठेव."

दुसऱ्या दिवशी कॅमेरा मी धरला. सर हात धुऊन, गाउन घालून थिएटरमध्ये आले, आणि स्क्रीनकडे पाठ करून एसीखाली भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. 'डोळे स्क्रीनवर!' म्हणून आमच्या बोटांवर चिमटा मारणारा माणूस!

"बोल," ते भिंतीला म्हणाले.

"लिव्हर ठीक आहे सर."

"वरून पाह्य. डायफ्रामखाली."

"ठीक वाटतंय."

"वाटतंय नाही. पाह्य."

मी कॅमेरा उजवीकडे वर नेला. मग खाली, ओमेंटमवर. पिवळसर चरबी, आणि तिच्यावर बारीक, पांढरे, टणक कण. एक दिसला की दुसरा दिसतो, आणि मग सगळीकडे तेच दिसतात. मोठमोठे इंग्रजी शब्द येत होते मला, परीक्षेत लिहिले होते, मार्कही मिळाले होते. त्यातला एकही तोंडातून निघेना.

"बोल वं."

"सब्जा, सर."

सर वळले नाहीत. मग म्हणाले, "तुकडा घे तपासायले. पानी सोड, धू, नमुना घे. तिनं धुवाले सांगतलं हाय." आणि अगदी शेवटी, "बंद कर."

बाहेर बाईचा मुलगा उभा होता. धंद्यात ट्रक ड्रायव्हरांना दम देणारा धिप्पाड माणूस, पण ऐकल्यावर त्याने सरांचा हात धरला. म्हणाला, "मामा, आईले सांगू नोका. सूज हाय म्हना. तिले नाही झेपनार."

असं म्हणणाऱ्या शेकडो मुलांना सरांनी त्याच जागी उभं करून फाडून खाल्लेलं मी पाहिलं होतं. 'माय तुही हाय, पन पोट तिचं हाय!' हे वाक्य तर आम्हाला पाठ होतं. मी वाट बघत राहिले. सरांनी भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरं."

खरं सांगते, त्या क्षणी हा माणूस माझ्या मनातून साफ उतरला. म्हटलं, बघा, जगाला ब्रह्मज्ञान!

भूल पूर्ण उतरल्यावर सर वॉर्डात गेले. आम्ही मागे. बाईने सगळ्यात आधी लुगडं सरकवून आपली छोटी पट्टी बघितली, मग शेजारच्या मावशीला अभिमानाने दाखवली.

"बाई," सर म्हणाले, "आत थोडी सूज हाय. ऑपरेशन नाही कराचं. औषधानं उतरते."

बाईने त्यांच्याकडे नीट बघितलं.

"सूज माह्या पोटात हाय, त तुह्ये डोये काहून सुजले गा?"

सर सलाइनचे थेंब मोजायला लागले.

"लहानपनी पाटी फोडून आला का असाच उभा राह्यचा. खरं सांग. पोट्ट्यायले शिकवते तसं शिकव मले. मी काय तुह्या पोट्ट्यायपेक्षा अडानी हाव?"

मुलगा मागून "आई, राहू दे" म्हणत होता. सर एकदम माझ्याकडे वळले. "केबिनमधून पिशवी आन. अन् बाईचा डबा."

आणि त्यांनी ते लेक्चर दिलं. बाईच्या कॉटशेजारच्या सलाइनच्या स्टँडला पिशवी टांगली, बाईच्याच मागावरच्या कापडात बाईचाच सब्जा बांधला, सुईने भोकं पाडली. एकही शब्द गाळला नाही. भिंत, पापुद्रा, तळ, श्वास, जाळी. पिशवी त्यांनी नको इतकी जोरात दाबली, त्यामुळे सब्जा दर उन्हाळ्यापेक्षा जास्तच वर गेला. वॉर्डातल्या बायका उठून बसल्या होत्या. शेवटी त्यांनी दोरा कापला आणि पुरचुंडी बाहेर काढून बाईच्या तळहातावर ठेवली.

"हे काढून टाकलं, त पिशवी साफ होते का, बाई?"

बाई पिशवीकडे बघत राहिली.

"नाही होत," ती म्हणाली.

"म्हनून कापलं नाही तुले. कापलं असतं त नुसती खाटेवर पडली असती. आता चार पावलं चालशीन, औषध घेशीन. औषधानं हे फुगाचं थांबते. काही दिवस. किती, ते मले मालूम नाही. खरंच मालूम नाही."

मुलगा रडत होता. बाईने पुरचुंडी उलटीपालटी करून बघितली, आपल्या हातचं कापड ओळखलं. मग तिच्या डोक्यात काहीतरी लखकन चमकलं असावं.

"म्हंजे इतके वर्सं माह्या सब्ज्याचं तू हे करून राहिला?"

"हाव."

"खायची वस्तू हाय ना ते! मंग सरबत?"

"करतो ना. यातच करतो. मंग यायले पाजतो."

बाईने आम्हा रेसिडेंटांकडे एकेक करून बघितलं. माझ्या मागचा एकजण खालीच बघायला लागला.

"कर मंग," ती म्हणाली.

सरांनी पिशवीत साखर घातली, लिंबू पिळलं, ग्लास भरला. जेवण जात नव्हतं तिला, पण तिने घोट घोट करत घेतलं. आम्ही सगळे उभे. अर्धा ग्लास झाल्यावर तिने तोंड वाकडं केलं.

"साखर कमी हाय गा. पोट्ट्यायले असंच पाजलं का तुवं?"

"असंच, बाई," आम्ही सगळे एकदम म्हणालो.

"आनतो," सर म्हणाले आणि साखर आणायला निघाले. जाताना खिशातला कांदा खाली पडला, तो उचलायलाही थांबले नाहीत. साखरेचा डबा तिथेच, बाईच्या कपाटावर होता, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. बराच वेळ झाला तरी ते परत आले नाहीत.

बाईने तोवर ग्लास तळापर्यंत संपवला होता, सब्ज्यासकट.

"गेला भैताड रडाले," ती म्हणाली, आणि रिकामा ग्लास माझ्यापुढे धरला. "तू दे वं पोरी. अन् तुमीबी घ्या सारे."

आम्ही घेतलं. त्या दिवशी बेसिनकडे कुणी गेलं नाही.